बारा व्होल्टचं भोक

इलेक्ट्रिक गाडी ताब्यात घ्यायला गेलो त्या दिवशी शोरूममधल्या टायवाल्या गृहस्थांनी मला पाऊण तास गाडी समजावून सांगितली. छताची काच कशी सरकते, सीटमधून पाठीला गार वारा कसा येतो, गाडीशी इंग्रजीत गोड बोललं की ती खिडकी कशी उघडते. बायको म्हणाली, "म्हणजे सांगितलेलं ऐकते. घ्या मग." पुढच्या दोन सीटांच्या मध्ये एक गोल झाकण होतं. हे काय, असं मी विचारलं. "ते काही नाही सर, साधं सॉकेट आहे, बारा व्होल्टचं," असं म्हणून ते परत छताकडे वळले.

मी तीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवला. विजेच्या वस्तूबद्दल कोणी 'ते काही नाही, साधं आहे' असं म्हटलं की खरं तर माझे कान टवकारायला हवेत. पण मीही तेव्हा तोंड वर करून छताची काचच बघत होतो.

पुढचे पाच महिने त्या झाकणाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. फोन चार्ज करायला वेगळ्या चपट्या खाचा होत्या, त्यात आमचं भागत होतं. मग आक्काचं प्रकरण उभं राहिलं, आणि सगळं घर त्या एका भोकाभोवती गोळा झालं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय बहात्तर. लग्न होऊन देवगाव रंगारीला गेली ती पन्नास वर्षं तिथंच राहिली. चुलीच्या धुरानं म्हणा, कापसाच्या धुळीनं म्हणा, तिची फुप्फुसं कामातून गेली आणि चौदा महिन्यांपूर्वी मी तिला पडेगावला माझ्या घरी आणलं. तेव्हापासून तिच्या नाकाला नळी आहे. नळीचं दुसरं टोक एका घरघर करणाऱ्या ऑक्सिजनच्या यंत्राला आणि यंत्र भिंतीतल्या प्लगला. नळी पन्नास फूट लांब, म्हणून आक्काचं जगही पन्नास फुटांचं. बाजेपासून मोरी, मोरीपासून स्वयंपाकघर, आणि अगदी ताणून धरली तर अंगणातून फाटकापर्यंत. फाटकाच्या आत उभी राहून ती भाजीवाल्याशी घासाघीस करते. नळीवर चुकून कोणाचा पाय पडला तर तिचा श्वास अडकायच्या आधी शिवी बाहेर येते.

देवगावात तिची एक मैत्रीण आहे. भिंतीला भिंत लागून घर, पन्नास वर्षांचा शेजार. दोघींचे नवरे गेले, दात गेले, मैत्रिणीचे तर दोन्ही गुडघे गेले. भांडण तेवढं टिकलं. रोज दुपारी चार वाजता फोन.

"मेली नायस का अजून?" इकडून आक्का.

"तुझ्या आधी कामून मरू? तुला पोचवून मंग येते," तिकडून ती.

एका बुधवारी फोनवर भांडण ऐकू आलं नाही, त्यावरूनच आम्हाला कळलं की काहीतरी बिनसलंय. मैत्रिणीचा मुलगा पुण्याला नोकरीला. तो आईला कायमची तिकडे नेणार होता. रविवारी सकाळी निघायचं, घर बंद, विषय संपला. आक्कानं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मला शनिवारी देवगावला न्यायचं."

"आक्का, दीड तासाचा रस्ता आहे."

"मंग? चालत जायचंय का?"

बायकोनं सुचवलं की त्या मुलालाच सांगू, जाता जाता आईला पडेगावला घेऊन या. आक्का म्हणाली, ते लोक वैजापूरवरून जाणार आणि मैत्रीण त्याला वाट वाकडी कर म्हणणार नाही. "ज्याच्या घरी जन्माचं ऱ्हायाला चालली, त्याला पहिल्याच दिवशी काम सांगती व्हय ती?"

मी डॉक्टरांना फोन केला. आमच्याकडे प्रवासात न्यायचं एक छोटं यंत्रही आहे, खांद्याला अडकवता येतं, पण त्याची बॅटरी चालते दोन तास. जायला दीड, यायला दीड. मैत्रिणीच्या घरी यंत्र लावायचं म्हटलं तर मुलगा घराचं मीटरच शुक्रवारी काढून देणार होता, आणि शेजारीपाजारी लावायचं म्हटलं तर देवगावात दिवसा लाइट कधी असते हे त्या लाइटलाच माहीत. डॉक्टर म्हणाले, "गाडीतल्या सॉकेटवर यंत्र चालत असेल तर दिवसभर हिंडवा, माझी हरकत नाही. चालत नसेल तर फाटकाबाहेर पाऊल टाकू देऊ नका."

"हात्तिच्या! एवढंच ना?" मी म्हणालो. सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणालो.

छोट्या यंत्राबरोबर गाडीत लावायची वायर आलेली होतीच. बुधवारी संध्याकाळी मी ती सॉकेटात खोचली. यंत्राचा हिरवा दिवा लागायला हवा होता, लागला नाही. आक्का फाटकाशी उभी, बायको तिच्यामागे. तेव्हा मी वर्गात बोलतो तसा बोलायला लागलो.

"हे बघा, हिच्यात दोन बॅटऱ्या असतात. खाली पसरलेली मोठी, ती चाकं फिरवते. आणि एक साधी, बारा व्होल्टची, कुठल्याही गाडीत असते तसली. दिवे, काचा, भोंगा आणि हे सॉकेट त्या धाकटीवर. लोकांना वाटतं एवढी मोठी बॅटरी असताना सॉकेट कसं बंद पडेल! अहो, मामा कोट्यधीश असला तरी आपल्याला चहा पाजतो तो त्याचा कारकूनच. शिवाय ही गाडी चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही. चालू केल्याशिवाय सॉकेटात वीज येत नाही. आत्ता ती बंद असणार."

गाडी चालूच होती.

मग म्हटलं, वायर खराब असेल. शेजाऱ्यांची जुनी डिझेल गाडी आहे. तिच्या सॉकेटात वायर लावली, तर यंत्राचा दिवा ठणठणीत लागला. म्हणजे वायर चांगली, यंत्र चांगलं, माझी गाडी वाईट. शेजारी भला माणूस, म्हणाला, "न्या की माझीच." आम्ही त्याची गाडी फाटकाच्या आत घेतली आणि आक्काला छोट्या यंत्रासकट तीत बसवून पाहिलं. त्यानं इंजिन चालू केलं आणि पाच मिनिटांत तिला असा खोकला सुटला की बोटाला लावायच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली आला. तिला धरून घरात आणलं. दम परत आल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "त्याला म्हणावं, चूल बरी."

गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन चिकलठाण्याला गेलो, म्हणजे शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकाला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एसी, कॉफी, आणि मोठ्या पडद्यावर आवाज बंद केलेल्या बातम्या. काउंटरमागच्या तरुण बाईंनी अतिशय अदबीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्ही बाहेरचं काही उपकरण लावलं होतं का?" मी म्हटलं, "बाहेरचं उपकरण लावायलाच असतं ते भोक. आतलं उपकरण लावायला मी काय डोकं घालू त्यात?" त्यांनी ते टाइप केलं की नाही, माहीत नाही. स्कॅन करावं लागेल, त्यासाठी मंगळवारची तारीख मिळेल, असं उत्तर आलं. मी त्यांना रविवारचं सांगितलं, मैत्रिणीचं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मला मंगळवारची सकाळची वेळ दिली.

परत येताना मी रस्त्यातल्या समस्त दुचाकीस्वारांवर मनातल्या मनात ओरडत आलो. घरी पोचल्यावर ठरवलं की हे काम आपणच करायचं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना जे शिकवलं ते आपल्याला येतं की नाही, हे एकदा कळू दे.

फ्यूजची पेटी ड्रायव्हरच्या पायापाशी, डॅशबोर्डच्या खाली. तिथवर पोचायला माणसानं सीटवर पाय आणि खाली डोकं अशा अवस्थेत जायचं असतं. बासष्टाव्या वर्षी मी ते केलं. तोंडात टॉर्च, डोळ्यांवर उलटा आलेला चष्मा. गल्लीतून जाणाऱ्या एका बाईंनी माझे पाय बघून बायकोला विचारलं, "ह्यांना चक्कर आली का?" बायको म्हणाली, "नाही, हे बरे आहेत. रोजचंच आहे."

सॉकेटचा फ्यूज पंधरा अँपियरचा. काढून उजेडात धरला, तर आतली तार तुटलेली. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथं उलटा हसलो. पेटीतच जादा फ्यूज होते, एक बसवला. मल्टीमीटरची एक सुई सॉकेटाच्या कडेला, दुसरी तळाशी. बारा पॉइंट सहा! मी आक्काला हाक मारली, बायकोला हाक मारली, शेजाऱ्यालाही मारली. सगळे जमल्यावर यंत्राची वायर घेतली आणि ऐटीत दाबून बसवली.

दिवा लागला नाही. फ्यूज पुन्हा उडाला होता.

"मगा बारा आलते म्हणलास," आक्का म्हणाली.

"आलते."

"मंग गेले कुठं?"

हा प्रश्न मी रात्रभर स्वतःला विचारला. शुक्रवारी सकाळी बाजारातून नवीन फ्यूज आणले. पुन्हा डोकं खाली, पाय वर. पुन्हा मीटरवर बारा पॉइंट सहा, पुन्हा वायर दाबली, पुन्हा फ्यूज गेला. यंत्र फार ओढतंय म्हणावं, तर तेच यंत्र शेजाऱ्याच्या गाडीत तेवढ्याच फ्यूजवर मजेत चाललेलं. मी गाडीच्या कंपनीला शिव्या दिल्या, फ्यूजवाल्या दुकानदाराला दिल्या, एकूण काळालाच दिल्या. आणि मग मी ते केलं जे सांगायची मला लाज वाटते. खिशात हात घातला आणि तीस अँपियरचा फ्यूज बाहेर काढला. तो मी सकाळीच, दुकानदाराची नजर चुकवल्यासारखा, पंधराच्यांबरोबर घेतला होता.

आमच्या भागात फ्यूज जाण्याचा इलाज सगळ्यांना पाठ असतो. तार जळाली, जाड तार टाका. ती जळाली, दोन पदरी टाका. तीही जळाली तर खिळा ठोका, मग जळेल ती मोटार. ह्या एका गोष्टीवरून मी जितक्या मुलांना वर्गाबाहेर काढलं तितक्यांना कॉपीवरूनही काढलं नसेल. आणि आता मी स्वतः गाडीत उलटा लटकून खिळा ठोकायला निघालो होतो.

तेवढ्यात फाटकापाशी नळी घासल्याचा आवाज आला. आक्का आली होती. खांद्यावर तिनं शनिवारी नेसायचं लुगडं टाकलं होतं. हिरवं, जरीच्या काठाचं. मला विचारत होती, "हे बरं दिसल का रे? ती म्हणंल, नटून आली."

मी तो फ्यूज बसवला असता तर सॉकेटाची वायर तापली असती, आणि त्या वायरीशेजारी आक्का ऑक्सिजनची नळी लावून बसली असती. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो होतो ते स्वतःलाच. फ्यूज गटारात टाकला आणि आक्काला म्हटलं, "दिसेल. चांगलं दिसेल." मग कोणाशी न बोलता गाडी काढली.

दौलताबाद रस्त्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आता तो चाळिशी उलटलेला, दाढी पांढरी झालेला. त्याच्याकडे जायचं मी दोन दिवस टाळत होतो. मास्तरानं चेल्याकडे जाऊन 'मला जमत नाही' कसं म्हणायचं! मी गाडी उभी केली तसा तो हात पुसत बाहेर आला आणि गाडीच्या नंबरपाटीचा हिरवा रंग बघून दोन पावलं मागं सरला.

"नक्को सर. ये बिजलीवाली गाडीकू मैं हात नै लगाता. चारसो व्होल्ट है अंदर."

"अरे, चारशेची वायर नारंगी असते, तिला आपण शिवायचंच नाही. आपलं काम बारा व्होल्टचं. सॉकेट."

मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"ढक्कन खोलके अंदर देखे क्या, सर?"

"देखे क्या म्हणजे? मीटर लावला. बारा पॉइंट सहा."

"मीटर नै सर. आँख से." तो हसू दाबत होता. "पैले आँख, फिर नाक, बाद में टेस्टर. आपच बोलते थे. मेरेकू डस्टर मारे थे इसके वास्ते."

मारला होता. मला आठवलं.

त्यानं गाडी बंद करायला सांगितली, फ्यूज काढून बाजूला ठेवला आणि मोबाइलचा उजेड त्या भोकात सोडला. बराच वेळ बघितलं. मग एक लांब दांडीचं लोहचुंबक आत सोडलं, आणि त्याला चिकटून एक नाणं बाहेर आलं. चार आणे. गेंड्याचं चित्र असलेलं, जुनं, चलनातून कधीच गेलेलं. त्याला वाळलेलं कुंकू चिकटलेलं होतं.

"ये क्या सर? मशीनकू चढावा चढाए?"

कुंकू बघितल्यावर मला सगळा घोळ लख्ख कळला. पाच महिन्यांपूर्वी गाडी घरी आली तेव्हा पूजा आक्कानं केली होती. दुसऱ्या कोणाला करू देते कुठं! नळी ओढत फाटकापर्यंत आली, मी चाकं फाटकाच्या आत घेतली, तिनं नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि मग आत डोकं घालून बराच वेळ काहीतरी करत राहिली. मी बाहेर लिंबू चाकाखाली नीट बसलंय का बघत होतो. नव्या गाडीत सव्वा रुपया ठेवायची आमच्याकडची रीत. रुपया तर समोरच्या खणात मी रोज बघत होतो. वरचे चार आणे कुठं गेले, हे मी कधीच विचारलं नव्हतं.

आता मीटरची गंमतही कळली. नाणं तळाशी आडवं पडलेलं, मधल्या टोकावर टेकून. माझी सुई त्या नाण्याला लागायची आणि मीटर इमानदारीत बारा दाखवायचा. वायर दाबली की नाणं कलंडायचं, कडेच्या पत्र्याला चिकटायचं आणि फ्यूज फट्कन जायचा. डोळ्यांनी एकदा आत बघितलं असतं तर बुधवारीच काम झालं असतं. त्यानं नवा फ्यूज बसवला, मी यंत्राची वायर लावली आणि हिरवा दिवा लागला. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. म्हणाला, "डस्टर वापस लेलो, बस."

घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. आक्का बाजेवर बसून लुगड्याची घडी करत होती. मी नाणं तिच्यापुढं धरलं.

"हे कुठं ठेवलं होतंस?"

"ते का? गाडीतल्या त्या झाकणाच्या डबीत. रुपया बसंना तिच्यात, चार आणे बरोब्बर बसले. म्हणलं, तेवढ्यासाठीच केली आसन डबी."

"ती डबी नाही! तेच सॉकेट! तीन दिवस मी ह्या पायी उलटा लटकतोय, शहराच्या दोन्ही टोकांना जाऊन आलो, गल्लीतल्या लोकांना वाटलं मी मेलो. आणि तू चार आणे घालून बसलीस! विचारायचं नाही का?"

मी बराच ओरडलो. आक्का एरवी एका शब्दाला चार देणारी, पण आज तिनं लुगडं मांडीवर ठेवलं आणि नाण्याकडे बघत राहिली.

"तुझी गाडी सुकरूप चालावी म्हणून ठेवलते रे," ती हळू म्हणाली. "मंजे माझी वाट मीच अडवली व्हय."

मला फार वाईट वाटलं. पाच महिन्यांपूर्वी, पन्नास फूट नळी ओढत, धापा टाकत ही बाई माझ्या गाडीला सुखरूप ठेवायला आली होती आणि मी तिच्यावर खेकसत होतो. मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, "सॉकेट चालू झालंय. उद्या आठला निघू."

"सातला," आक्का म्हणाली.

शनिवारी सातला निघालो. आक्का मागच्या सीटवर, यंत्र शेजारी, त्याची वायर पुढं सॉकेटात. चौदा महिन्यांनी ती फाटकाबाहेर पडली होती. मला वाटलं, ती काहीतरी भारदस्त बोलेल. तिनं वाटेतली प्रत्येक इमारत कोणी बांधली, कशाला बांधली आणि किती वाईट बांधली ह्याची चौकशी केली. दौलताबादचा किल्ला दिसल्यावर म्हणाली, "आजून हाय व्हय हा." मी रस्त्यापेक्षा जास्त आरशात बघत होतो, हिरवा दिवा दिसतोय का म्हणून. तिच्या ते ध्यानात आलं. "म्होरं बघ," ती म्हणाली. "मला श्वासानं नाय तर तूच मारशील."

देवगावात मैत्रिणीच्या दारात टेम्पो उभा होता आणि त्यात पलंग, पत्र्याच्या पेट्या, शिलाई मशीन चढलेलं. मैत्रीण चार पायांचा वॉकर पुढं ढकलत आली. चार पावलं टाकायला तिला पाच मिनिटं लागली. खिडकीपाशी थांबून तिनं आक्काच्या नाकातल्या नळीकडे बघितलं.

"ही काय बैलावाणी वेसण घालून आलीस?"

"माझी दिसती तरी. तुला घालून चालवलीय ती कुणाला दिसना झालीय."

मग आक्का सरकली, मी आणि मुलानं मिळून मैत्रिणीला उचलून आत बसवलं. मी पुढच्या सीटवर बसायला गेलो तर आक्का म्हणाली, "तू उतर. गड्याचं काय काम हितं?" एसी चालू ठेवला, उन्हासाठी काचांना काळ्या जाळ्या लावल्या आणि दार बंद केलं. ह्या गाडीला धूर नाही, आवाज नाही, दार लावून दिवसभर बसा. विकणाऱ्यानं ही गोष्ट छताच्या काचेच्या आधी सांगायला हवी होती.

मी ओट्यावर बसलो. घर रिकामं झालेलं, मीटरच्या जागी चार भोकं आणि लोंबणारी वायर. मुलगा चांगला होता. शेजाऱ्यांकडून चहा आणला, पुण्याच्या फ्लॅटचं सांगत बसला. अकरावा मजला, लिफ्ट, खाली बाग. "आईला तिथं करमेल का हो?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा "करमेल की" म्हणालो, आणि दोन्ही वेळा आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. वीज तुटली तर यंत्र मोठ्यानं बोंबलतं, तेव्हा माझे कान गाडीकडे लागलेले होते. गाडीतून काहीच ऐकू येत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, बोलू दे. पन्नास वर्षांचं आहे, हळूच बोलत असतील.

एक वाजता मुलगा म्हणाला, टेम्पोवाला घाई करतोय, दोर बांधायचेत, सामान मोजायचंय. मी काचेवर टकटक केलं. मैत्रिणीला खाली उतरवलं. मला वाटत होतं आता रडारड होईल. तिनं फक्त आक्काच्या लुगड्याचा पदर नीट केला आणि म्हणाली, "काठ चांगलाय." आक्का म्हणाली, "तिथं लिफ्टमदी एकटी बसू नको." एवढंच. मग आम्ही निघालो.

बराच वेळ आक्का खिडकीबाहेर बघत होती. कपाशीची रानं मागं जात होती, यंत्र घरघरत होतं. शरणापूर जवळ आलं तेव्हा मला राहवेना.

"काय काय बोललात एवढं?"

"काय बोलायचं? रोज बोलतोच की फोनवर."

"अगं, चार तास होतात तुम्ही!"

"झोपलो," आक्का म्हणाली.

"झोपलात?"

"ती माझ्या खांद्यावर, मी तिच्या डोक्यावर. लगीन होऊन देवगावात आल्यापास्नं दुपारचं आमी तसंच निजायचो, वसरीला. लई ग्वाड झोप लागली बघ. वर्षात आशी लागली नाय."

माझ्या डोळ्यापुढून तीन दिवस सरकले. वर्कशॉपची कॉफी, उलटा चष्मा, गटारात टाकलेला तो फ्यूज. मला हसू येत होतं आणि थोडा रागही.

"आक्का, झोपायचंच होतं तर तीन दिवस एवढा जीव कशाला खाल्लास माझा? ह्याच गाडीत, आपल्या फाटकात झोपली असतीस."

आक्कानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"फाटकात ती कुठं हाय?" ती म्हणाली.